युलिसिस एस. ग्रँट

युलिसिस एस. ग्रँट (२७ एप्रिल, इ.स. १८२२ – २३ जुलै, इ.स. १८८५) हे अमेरिकन यादवी युद्धात संघराज्याच्या सैन्याचे सरसेनापती आणि अमेरिकेचे १८वे राष्ट्राध्यक्ष होते. इ.स. १८६१ ते १८६५ या काळात लढल्या गेलेल्या या युद्धाचा निर्णायक शेवट त्यांच्या नेतृत्वाखाली झाला. उतारवयात दारिद्र्य व असाध्य आजार यांना तोंड देत असताना त्यांनी याच युद्धाविषयी लिहिलेले लेख आणि आत्मचरित्र लष्करी इतिहासाच्या वाङ्मयात मान्यता पावले. 'बॅटल्स अँड लीडर्स ऑफ द सिव्हिल वॉर' (यादवी युद्धातील लढाया आणि सेनानी) या चार खंडांच्या लेखसंग्रहात त्यांचे चार लेख समाविष्ट आहेत. सेनापती म्हणून त्यांनी मिळवलेल्या विजयांचा अर्थ लावण्याचे काम त्यांच्या आयुष्याच्या अखेरच्या वर्षात त्यांच्याच हातून झाले. त्यामुळे त्यांच्या चरित्रात या लेखनाला रणांगणाइतकेच महत्त्व दिले जाते.

बालपण व शिक्षण

ग्रँट यांचा जन्म ओहायो राज्यातील पॉइंट प्लेझंट या खेड्यात झाला. त्यांचे मूळ नाव हायरम युलिसिस ग्रँट असे होते. वडील जेसी ग्रँट यांचा कातडी कमावण्याचा व्यवसाय होता. आई हॅना या अत्यंत मितभाषी होत्या. पुढील वर्षी कुटुंब त्याच राज्यातील जॉर्जटाउन येथे राहावयास गेले. कातडी कमावण्याच्या कामाची व तेथील रक्ताची ग्रँट यांना लहानपणापासून शिसारी होती. घोड्यांवर मात्र त्यांचे विलक्षण प्रेम होते आणि हट्टी घोडा वठणीवर आणण्यात त्यांचा हातखंडा होता.

इ.स. १८३९ मध्ये वडिलांच्या खटपटीने त्यांना वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीत प्रवेश मिळाला. त्यांची शिफारस करणारे काँग्रेस सदस्य थॉमस हेमर यांनी अर्जात चुकून युलिसिस एस. ग्रँट असे नाव लिहिले आणि तेच पुढे कायम झाले. 'एस' या अक्षराला स्वतंत्र अर्थ नव्हता. अकादमीत त्यांची प्रगती बेताची होती. गणित व घोडेस्वारी यांत ते चमकले. इतर विषयांत त्यांचे मन रमले नाही. इ.स. १८४३ मध्ये ३९ जणांच्या तुकडीत २१व्या क्रमांकाने ते उत्तीर्ण झाले.

मेक्सिकोचे युद्ध व लष्कराचा राजीनामा

मेक्सिकोविरुद्धच्या युद्धात (इ.स. १८४६–४८) ग्रँट यांनी झॅकरी टेलर व विनफिल्ड स्कॉट या दोन सेनापतींच्या हाताखाली काम केले. त्यांच्याकडे रेजिमेंटच्या रसदीची जबाबदारी होती. सैन्य पोटावर चालते याचे व्यावहारिक शिक्षण त्यांना येथे मिळाले व पुढील मोहिमांत ते उपयोगी पडले. या युद्धात त्यांनी शौर्य गाजवले असले, तरी एका बलाढ्य राष्ट्राने दुर्बळ शेजाऱ्यावर लादलेले ते अन्यायी युद्ध होते, असे मत त्यांनी पुढे आत्मचरित्रात नोंदवले.

इ.स. १८४८ मध्ये त्यांचा विवाह ज्युलिया डेंट यांच्याशी झाला. त्यांना तीन मुलगे व एक मुलगी अशी चार अपत्ये झाली. पॅसिफिक किनाऱ्यावरील दूरच्या लष्करी ठाण्यांवर नेमणूक झाल्यावर कुटुंबाचा विरह, तुटपुंजा पगार आणि मद्यपानाविषयीची कुजबुज यांनी ते ग्रासले गेले. इ.स. १८५४ मध्ये त्यांनी लष्कराचा राजीनामा दिला. घरी परतताना न्यू यॉर्क येथे ते निष्कांचन अवस्थेत असताना सायमन बकनर या जुन्या लष्करी मित्राने त्यांना मदत केली.

पुढील सात वर्षे हालअपेष्टांची होती. मिसूरी राज्यात सेंट लुइसजवळ त्यांनी शेती केली, ती बुडाली. शहरात सरपण विकूनही त्यांनी दिवस काढले. या काळात सासऱ्यांकडून त्यांच्याकडे विल्यम जोन्स नावाचा एक गुलाम आला होता. पैशांची निकड असतानाही इ.स. १८५९ मध्ये त्याला न विकता त्यांनी मुक्त केले. इ.स. १८६० मध्ये ते इलिनॉय राज्यातील गलीना येथे वडिलांच्या चामड्याच्या दुकानात कारकुनी करू लागले. तेव्हा त्यांचे वय ३८ होते.

यादवी युद्ध

पश्चिमेकडील मोहिमा

एप्रिल १८६१ मध्ये युद्धाला तोंड फुटले. गुलामगिरी टिकवण्यासाठी संघराज्यातून फुटून निघालेल्या दक्षिणेकडील राज्यांनी स्वतःचा महासंघ स्थापन केला होता. प्रशिक्षित अधिकाऱ्यांची चणचण असल्यामुळे ग्रँट यांना इलिनॉयच्या २१व्या रेजिमेंटचे कर्नलपद व लवकरच ब्रिगेडियर जनरलचे पद मिळाले. फेब्रुवारी १८६२ मध्ये त्यांनी टेनेसी नदीवरील फोर्ट हेन्री व कंबरलँड नदीवरील फोर्ट डोनेल्सन हे किल्ले जिंकले. डोनेल्सनच्या किल्लेदाराला त्यांनी बिनशर्त शरणागतीखेरीज दुसरी अट देऊ केली नाही. हा किल्लेदार म्हणजे त्यांना अडचणीत मदत करणारा सायमन बकनरच होता. संघराज्याचा हा पहिला मोठा विजय होता.

दोनच महिन्यांनी, ६ व ७ एप्रिल १८६२ रोजी, टेनेसी नदीकाठी शायलोची लढाई झाली. शत्रू चाल करून येईल अशी अपेक्षा नसल्याने ग्रँट यांच्या छावणीभोवती खंदक खणलेले नव्हते आणि ते स्वतः काही मैल दूर असलेल्या सव्हॅना गावी होते. महासंघाचे सेनापती आल्बर्ट सिडनी जॉन्स्टन यांनी पहाटे केलेल्या हल्ल्याने संघराज्याचे सैन्य नदीपर्यंत मागे रेटले गेले. जॉन्स्टन त्याच दिवशी मारले गेले. सायंकाळी डॉन कार्लोस ब्यूएल यांच्या सैन्याची कुमक येऊ लागली आणि दुसऱ्या दिवशी ग्रँट यांनी प्रतिहल्ला करून गमावलेली भूमी परत मिळवली. दोन्ही बाजूंचे मिळून २३ हजारांहून अधिक सैनिक मृत, जखमी वा बेपत्ता झाले. एवढी हानी अमेरिकेने तोपर्यंत पाहिलेली नव्हती. ग्रँट यांच्यावर टीकेची झोड उठली. तथापि राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी त्यांना दूर केले नाही.

डिसेंबर १८६२ मध्ये चोरट्या कापूसव्यापाराचा ठपका ठेवून ग्रँट यांनी आपल्या अखत्यारीतील प्रदेशातून सर्व ज्यू लोकांना हाकलण्याचा आदेश काढला. लिंकन यांनी तो रद्द करविला. हा आदेश त्यांच्या कारकिर्दीवरील काळा डाग मानला जातो.

इ.स. १८६३ मधील व्हिक्सबर्गची मोहीम ही त्यांची सर्वोत्कृष्ट मोहीम समजली जाते. मिसिसिपी नदीवरील हे ठाणे उत्तरेकडून घेण्याचे अनेक प्रयत्न फसल्यावर ग्रँट यांनी सैन्य नदीच्या पश्चिम काठाने दक्षिणेकडे नेले. आरमाराच्या नौका रात्रीच्या अंधारात शत्रूच्या तोफांसमोरून गेल्या व त्यांनी सैन्याला पूर्व काठावर उतरवले. त्यानंतर लांबलचक रसदमार्गावर विसंबून न राहता, बरेचसे अन्नधान्य शत्रूच्या मुलखातूनच मिळवत, त्यांनी तीन आठवड्यांत पाच लढाया जिंकून शहराला वेढा घातला. ४ जुलै १८६३ रोजी सुमारे २९ हजार सैनिकांसह व्हिक्सबर्ग शरण आले आणि महासंघाचे दोन तुकडे झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांनी चॅटनुगा येथे विजय मिळवला.

व्हर्जिनियातील मोहीम व शरणागती

मार्च १८६४ मध्ये ग्रँट यांना लेफ्टनंट जनरल करून सर्व सैन्यांची सूत्रे सोपवण्यात आली. सर्व आघाड्यांवर एकाच वेळी दबाव आणावयाचा, म्हणजे महासंघाला एका ठिकाणचे सैन्य दुसऱ्या ठिकाणी हलवता येणार नाही, हे त्यांच्या योजनेचे सूत्र होते. विल्यम शर्मन यांनी जॉर्जियात चढाई केली आणि ग्रँट स्वतः व्हर्जिनियात रॉबर्ट ई. ली यांच्यासमोर उभे राहिले. विल्डरनेस, स्पॉटसिल्व्हेनिया व कोल्ड हार्बर येथील सहा आठवड्यांच्या लढायांत संघराज्याचे सुमारे ५५ हजार सैनिक कामी आले, जखमी झाले किंवा पकडले गेले. विरोधकांनी त्यांना कसाई म्हणून हिणवले. कोल्ड हार्बरचा शेवटचा हल्ला केल्याची खंत त्यांना अखेरपर्यंत राहिली. मात्र यापूर्वीचे सेनापती अशा लढायांनंतर माघार घेत असत. ग्रँट प्रत्येक वेळी पुढे सरकले. पीटर्सबर्गचा वेढा नऊ महिन्यांहून अधिक काळ चालला.

९ एप्रिल १८६५ रोजी अ‍ॅपोमॅटॉक्स कोर्टहाउस या गावी ली शरण आले. ग्रँट यांनी घातलेल्या अटी उदार होत्या. पराभूत सैनिकांना घरी जाण्याची मुभा देण्यात आली, अधिकाऱ्यांची वैयक्तिक शस्त्रे काढून घेतली नाहीत आणि शेतीच्या हंगामासाठी सैनिकांना आपापले घोडे नेऊ दिले. उपाशी शत्रुसैन्याला शिधा पुरवण्यात आला व विजयोत्सवाच्या तोफा त्यांनी थांबवल्या.

राष्ट्राध्यक्षपद

इ.स. १८६८ ची निवडणूक जिंकून ग्रँट मार्च १८६९ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले व दोन मुदती, म्हणजे इ.स. १८७७ पर्यंत, या पदावर होते. वंश वा पूर्वीची गुलामी या कारणास्तव मताधिकार नाकारण्यास मनाई करणारी १५वी घटनादुरुस्ती इ.स. १८७० मध्ये संमत झाली. कृष्णवर्णीयांवर अत्याचार करणाऱ्या कू क्लक्स क्लॅन या संघटनेविरुद्ध त्यांनी इ.स. १८७१ च्या कायद्याचा कठोरपणे वापर केला व तिचा त्या काळापुरता बीमोड केला. गुलामगिरी नष्ट करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना महात्मा जोतीराव फुले यांनी आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अर्पण केला, तो याच कारकिर्दीत, इ.स. १८७३ मध्ये.

त्यांच्या प्रशासनाची दुसरी बाजू मात्र निराशाजनक होती. माणसांची पारख करण्यात व विश्वासू म्हणून नेमलेल्यांवर लक्ष ठेवण्यात ते कमी पडले. मद्यावरील कराच्या अपहाराचे प्रकरण व युद्धमंत्री विल्यम बेलनॅप यांच्यावरील लाचखोरीचे आरोप यांनी सरकार बदनाम झाले. इ.स. १८७३ पासूनच्या आर्थिक मंदीने जनमत पालटले व दक्षिणेतील कृष्णवर्णीयांच्या संरक्षणाला मिळणारा पाठिंबा ओसरला. मूळ रहिवासी जमातींशी शांततेचे धोरण त्यांनी जाहीर केले होते, तरी इ.स. १८७६ मध्ये सू जमातीशी युद्ध झालेच.

जगप्रवास व मुंबई भेट

पदमुक्त झाल्यावर ग्रँट पत्नीसह दोन वर्षांहून अधिक काळ जगप्रवास करीत होते. फेब्रुवारी १८७९ मध्ये ते मुंबईत आले. मलबार पॉइंट येथील सरकारी निवासस्थानी त्यांचा मुक्काम होता. तेथून ते उत्तर भारतात गेले. जयपूर, आग्रा, दिल्ली व बनारस ही शहरे पाहून ते कलकत्त्यास पोहोचले आणि पुढे चीन व जपानकडे रवाना झाले.

त्यांनी लढलेल्या युद्धाशी मुंबईचा जवळचा संबंध होता. दक्षिणेकडील बंदरांच्या नाकेबंदीमुळे इंग्लंडमधील गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला होता. त्यामुळे मुंबईतून निर्यात होणाऱ्या कापसाचे भाव गगनाला भिडले. शहरात पैशांचा पूर आला, बँका व भरणीच्या कंपन्या निघाल्या आणि शेअर्सच्या सट्ट्याला ऊत आला. इ.स. १८६५ मध्ये युद्ध संपताच कापसाचे भाव कोसळले आणि प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे धनाढ्य व्यापारीही त्या तडाख्यात सापडले.

मायदेशी परतल्यावर इ.स. १८८० मध्ये तिसऱ्यांदा उमेदवारी मिळवण्याचा त्यांचा प्रयत्न रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनात अपयशी ठरला.

दिवाळखोरी

इ.स. १८८१ मध्ये ग्रँट न्यू यॉर्क येथे स्थायिक झाले. त्यांचा मुलगा 'ग्रँट अँड वॉर्ड' या पेढीत भागीदार होता. ग्रँट यांनीही आपली पुंजी तीत गुंतवली. पेढीचा कारभार पाहणारा फर्डिनांड वॉर्ड हा एकाच तारणावर अनेक कर्जे काढून जुन्या गुंतवणूकदारांना नव्यांच्या पैशांतून नफा देत होता. मे १८८४ मध्ये पेढी बुडाली. पेढीला सावरण्यासाठी म्हणून वॉर्डच्या सांगण्यावरून ग्रँट यांनी दोनच दिवस आधी विल्यम व्हँडरबिल्ट यांच्याकडून दीड लाख डॉलर उसने घेतले होते. फसवणुकीत त्यांचा हात नव्हता. तथापि हे कर्ज त्यांनी स्वतःचे मानले आणि घरे, जमिनी, युद्धातील तलवारी व जगभरातून मिळालेल्या भेटवस्तू व्हँडरबिल्ट यांच्या हवाली केल्या. राष्ट्राध्यक्ष होताना लष्करी पद सोडल्यामुळे त्यांना निवृत्तिवेतनही नव्हते.

'सेंच्युरी' मासिकातील लेखमाला व लेखसंग्रह

न्यू यॉर्कच्या 'सेंच्युरी' मासिकाचे संपादक रॉबर्ट अंडरवूड जॉन्सन व क्लॅरेन्स क्लफ ब्यूएल हे याच सुमारास यादवी युद्धावरील लेखमालेची जुळवाजुळव करीत होते. दोन्ही बाजूंच्या सेनानींनी आपापल्या लढायांची हकीकत स्वतः लिहावी, अशी त्यांची कल्पना होती. ग्रँट यांनी पूर्वी नकार दिला होता. दिवाळखोरीनंतर मात्र दर लेखाला ५०० डॉलर मानधनावर त्यांनी होकार दिला.

शायलोवरील त्यांचा पहिला मसुदा सरकारी अहवालासारखा रुक्ष उतरला होता. जॉन्सन यांनी न्यू जर्सीतील लाँग ब्रांच येथे त्यांची भेट घेतली व त्यांना त्या लढाईविषयी बोलते केले. बोलण्याच्या ओघात आलेल्या आठवणी, निर्णयामागची कारणे व मनात उमटलेले विचार हेच वाचकाला हवे असते, हे जॉन्सन यांनी त्यांच्या ध्यानी आणून दिले. ग्रँट यांनी सूचना मोकळेपणाने स्वीकारली व लेख पुन्हा लिहिला. लष्करी आदेश लिहिताना अंगी बाणलेली सुटसुटीत, निःसंदिग्ध वाक्यरचना त्यांना आता उपयोगी पडली. शायलोचा लेख फेब्रुवारी १८८५ मध्ये प्रसिद्ध झाला. व्हिक्सबर्ग, चॅटनुगा व विल्डरनेस या मोहिमांवरील लेख त्यानंतरचे आहेत.

लेखमाला नोव्हेंबर १८८४ मध्ये सुरू झाली व तिने मासिकाचा खप सव्वा लाखावरून सव्वादोन लाखांवर नेला. महासंघाकडून पिएर ब्यूरेगार्ड, जोसेफ जॉन्स्टन व जेम्स लाँगस्ट्रीट, तर संघराज्याकडून जॉर्ज मॅक्लेलन व शर्मन अशा सेनानींनी तिच्यात लिहिले. इ.स. १८८७–८८ मध्ये हे लेख नकाशे व चित्रांसह चार खंडांत ग्रंथरूपाने निघाले.

एकाच लढाईची परस्परविरोधी वर्णने शेजारी शेजारी छापणे हे या संग्रहाचे वैशिष्ट्य होय. शायलो येथे आपले सैन्य बेसावध सापडले हे ग्रँट यांनी मान्य केले नाही. ब्यूएल यांनी आपल्या लेखात त्यांच्या प्रतिपादनाला कडाडून विरोध केला, तर महासंघाची बाजू जॉन्स्टन यांच्या मुलाने मांडली. मात्र नवा पुरावा पुढे आल्यास मत बदलण्याची ग्रँट यांची तयारी होती. 'बेन-हर' कादंबरीचे लेखक म्हणून नंतर प्रसिद्ध झालेले लू वॉलेस हे शायलोला उशिरा पोहोचल्याचा दोष ग्रँट यांनी त्यांना दिला होता. लढाईच्या आदल्या दिवशीचे वॉलेस यांचे एक पत्र अन्य एका दिवंगत सेनानीच्या पत्नीकडून हाती आल्यावर आपल्या विधानात फरक पडतो, अशी टीप त्यांनी आत्मचरित्रात जोडली.

संग्रहाची एक मर्यादाही अभ्यासकांनी दाखवून दिली आहे. दोन्ही बाजूंच्या वाचकांत सलोखा राहावा म्हणून संपादकांनी राजकीय वादाचे विषय कटाक्षाने टाळले. त्यामुळे शौर्य व डावपेच यांची चर्चा विस्ताराने झाली. गुलामगिरीचा प्रश्न मात्र बाजूला पडला.

आत्मचरित्र व अखेरचे दिवस

इ.स. १८८४ च्या उन्हाळ्यात ग्रँट यांचा घसा दुखू लागला. दीर्घकाळ सिगार ओढण्याची सवय असलेल्या ग्रँट यांना घशाचा कर्करोग झाल्याचे शरद ऋतूत निष्पन्न झाले. आपल्यामागे कुटुंबाचे कसे होणार, ही चिंता त्यांना लागली होती. लेखांच्या यशामुळे आत्मचरित्र लिहिण्याचे ठरले. 'सेंच्युरी'ने नेहमीच्या दराने स्वामित्वधन देऊ केले होते; लेखक मार्क ट्वेन यांनी ते फारच अपुरे असल्याचे पटवून दिले आणि निव्वळ नफ्याचा ७० टक्के वाटा देण्याच्या बोलीवर फेब्रुवारी १८८५ मध्ये आपल्या प्रकाशनसंस्थेसाठी पुस्तक मिळवले.

लेखनात मुलगा फ्रेडरिक कागदपत्रे तपासून देत असे. बोलणे शक्य असेपर्यंत ग्रँट लघुलेखकाला मजकूर सांगत. आवाज गेल्यावर ते शालीत गुरफटून बसून स्वतः लिहीत. जुने सहकारी अ‍ॅडम बॅडो यांनी अधिक मोबदल्याची मागणी करून पुस्तकाचे खरे लेखन आपलेच असल्याचे सुचवले, तेव्हा ग्रँट यांनी त्यांचे साहाय्य नाकारले. ग्रँट यांच्या हस्ताक्षरातील हस्तलिखित आज अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात आहे. मार्च १८८५ मध्ये काँग्रेसने त्यांना लष्करी पद व वेतन पुन्हा बहाल केले.

जूनमध्ये त्यांना न्यू यॉर्क राज्यातील माउंट मॅकग्रेगर येथे हलवण्यात आले. जुलैमध्ये सायमन बकनर तेथे त्यांच्या भेटीस आले; ग्रँट यांना केवळ चिठ्ठ्यांवर लिहूनच संवाद साधता आला. हस्तलिखित पुरे झाल्यावर काही दिवसांतच, २३ जुलै १८८५ रोजी, वयाच्या ६३व्या वर्षी त्यांचे निधन झाले. न्यू यॉर्कमधील अंत्ययात्रेत बकनर व जोसेफ जॉन्स्टन हे त्यांचे एकेकाळचे शत्रू मानकरी म्हणून सहभागी झाले होते.

दोन खंडांचे हे आत्मचरित्र इ.स. १८८५–८६ मध्ये प्रसिद्ध झाले. गावोगावी फिरून आगाऊ मागणी नोंदवणाऱ्या विक्रेत्यांमार्फत त्याचे तीन लाखांहून अधिक संच विकले गेले आणि ज्युलिया यांना सुमारे साडेचार लाख डॉलर मिळाले. राष्ट्राध्यक्षपदाच्या वर्षांविषयी या ग्रंथात जवळजवळ काही नाही. त्याचा भर युद्धावर आहे. मासिकाने टाळलेला मुद्दा मात्र ग्रँट यांनी समारोपात स्पष्टपणे मांडला. युद्धाचे कारण गुलामगिरी हेच होते, हे त्यांचे प्रतिपादन होय.

मूल्यमापन

ग्रँट यांच्या मृत्यूनंतर दक्षिणेची बाजू उदात्त ठरवणाऱ्या लेखनाचा प्रभाव वाढला. त्यात ली यांना आदर्श योद्धा आणि ग्रँट यांना केवळ संख्याबळावर जिंकणारा सेनापती म्हणून रंगवण्यात आले. राष्ट्राध्यक्ष म्हणूनही त्यांची गणना दीर्घकाळ अपयशी नेत्यांत होत असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हे चित्र बदलले. व्हिक्सबर्गची मोहीम व सर्व आघाड्यांचा एकत्रित विचार करण्याची त्यांची दृष्टी यांना लष्करी अभ्यासकांनी मान्यता दिली. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी त्यांनी केलेल्या प्रयत्नांचेही नव्याने मूल्यमापन झाले. या पुनर्विचारात त्यांचे आत्मचरित्र व लेख हे महत्त्वाचे साधन ठरले. त्यांतील माहिती सरकारी कागदपत्रांशी व प्रतिपक्षाच्या कथनांशी ताडून पाहणे अभ्यासकांना आवश्यक वाटते. एका प्रमुख सेनापतीने निर्णय कसे घेतले, हे समजण्यासाठी मात्र या लेखनाला पर्याय नाही.

न्यू यॉर्क येथील त्यांच्या भव्य स्मारकाचे उद्घाटन २७ एप्रिल १८९७ रोजी, त्यांच्या ७५व्या जन्मदिनी झाले. इ.स. १९०२ मध्ये निधन पावलेल्या ज्युलिया यांनाही तेथेच चिरविश्रांती देण्यात आली. अमेरिकेच्या ५० डॉलरच्या नोटेवर ग्रँट यांचे चित्र आहे.